डाव्या सिलिंडरवरची चिंधी

आधीच कबूल करते, असे अनुभव मी आजवर हसायला म्हणून वाचत आले. संध्याकाळी चहाचा कप घेऊन बसायचं, कुणाला वडाखाली हाक आली, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर बाई बसली... हे नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचं आणि दोघांनी खिदळायचं. आमच्या गोव्यात तर गावागावाला राखणदार, वडापिंपळाला देवचार, म्हणजे तिथली राखण करणारी भुतं. मी लहानपणापासून म्हणत आले, एवढे राखणदार आहेत तर रस्त्यातले खड्डे का नाही दिसत त्यांना? तर अशी मी. आता माझ्यावर हसायची पाळी तुमची. हसा खुशाल, पण शेवटपर्यंत वाचा.

मी पाण्याखाली काम करते. टुरिस्टांना मासे दाखवून आणायचं काम सुरुवातीची काही वर्षं केलं, आता खोल पाण्यातलं करते. त्याला टेक्निकल डायव्हिंग म्हणतात. म्हणजे काय, तर इतकं खोल जायचं आणि इतका वेळ राहायचं, की घाबरलो म्हणून सरळ वर येता येत नाही. अंगात मुरलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून ठरलेल्या खोलीवर थांबत थांबत यावं लागतं. त्यामुळे या कामात धाडसाला फारशी किंमत नाही. सगळी किंमत सामान निवडण्याला आणि ते नीट जोडण्याला. श्वासाची सोय दोन, दिवे तीन, चाकू दोन. दिखाऊ काही नको, लोंबकळणारं काही नको. सिलिंडरला हुक अडकवायचा तोसुद्धा दोरीने बांधायचा, कडीत कडी घालून नाही. दोरी अडचणीत कापता येते, कडी कापता येत नाही.

आणि दोरीची गाठ म्हटली की मला अण्णा आठवतात.

अण्णा म्हणजे माझे वडील. माझं सासर पेडण्याला, माहेर डिचोलीत, शिरगावला. अण्णा तिथल्या खाणीवर तीस वर्षं पंप ऑपरेटर होते. खाणीचा पीट म्हणजे डोंगर खणून केलेला प्रचंड खड्डा. त्यात झऱ्यांचं पाणी सारखं भरतं. ते रात्रंदिवस उपसलं नाही तर खालची यंत्रं बुडतील. ते उपसायचं काम अण्णांचं. पंपघरात आवाज एवढा की बोललेलं ऐकू यायचं नाही. म्हणून अण्णा पान्याने पाइपावर ठोकत. एकदा ठोकलं म्हणजे थांब. दोनदा ठोकलं म्हणजे सगळं ठीक आहे, सोड पाणी.

आणि तिथे चिंधीचा एक नियम होता. एखाद्या व्हॉल्व्हमध्ये बिघाड दिसला की बघणाऱ्याने त्यावर चिंधी बांधायची. चिंधी असलेल्या व्हॉल्व्हला कुणी हात लावायचा नाही. बिघाड दुरुस्त झाला की बांधणाऱ्याला जाऊन सांगायचं, काय होतं, काय केलं. मग त्यानेच येऊन ती सोडायची. मॅनेजर आला तरी त्याला ती सोडायची परवानगी नाही. अण्णा आपल्या पंच्याची लाल काठाची पट्टी फाडून बांधत, काठ मजबूत असतो म्हणून. त्यांची गाठ वेगळीच होती. दोन वेढे, मग काठाचं टोक उलटं आत घालून बाहेर इवलंसं शेपूट. बांधायला दोन्ही हात लागत, सोडायला शेपूट ओढलं की झालं. मला ती अजूनही धड जमत नाही.

मी सात वर्षांची असताना त्यांचा डबा घेऊन पंपघरात गेले होते आणि लाल काठ छान दिसला म्हणून तसली एक चिंधी ओढून काढली होती. अण्णांनी आयुष्यात मला एकदाच मारलं, ते तेव्हा. अशी सणसणीत कानाखाली दिली की डबा हातातून पडला. मग मला मांडीवर घेऊन बसले आणि स्वतःच रडायला लागले. त्या पाइपाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस आत शिरून गाळ काढत होता, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

पुढे खाण बंद पडली, पंप बंद झाले आणि पीट पाण्याने भरला. त्याच सुमाराला मी डायव्हिंग शिकले. अण्णांना ते सहनच झालं नाही. "तीस वर्षं मी त्या पाण्याला बाहेर काढलं, आणि तू पैसे भरून आत उतरतेस?" भांडण नाही केलं त्यांनी. विषयच बंद केला. एकदा मी हौसेने सगळं सामान माहेरच्या अंगणात मांडलं, म्हटलं, "अण्णा, बघा तरी माझ्या गाठी नीट आहेत का." ते उठले, आत गेले आणि जनेल, म्हणजे खिडकी, लावून घेतलं. मला इतका राग आला! मीही हट्टी, त्यांचीच लेक. पुन्हा कधी विचारलं नाही. सहा वर्षं आम्ही पाऊस, काजू, माशांचा भाव, सगळं बोललो; माझ्या कामाचं एक अक्षर नाही.

गेल्या शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, दिवसांत अण्णांना झटका आला. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना किती, सांगता येणार नाही. मी दर रविवारी जाऊन बसायची. ते छताकडे बघत असायचे. एकच गोष्ट मला खात होती, की आता हा माणूस माझ्या सामानाकडे बघणार नाही. बघा म्हणायला मला सहा वर्षं मिळाली होती आणि मी रुसून बसले होते.

आता त्या दिवसाचं.

त्या पिटातलं पाणी आता खालच्या शेतांना जातं. वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, लावणी त्याच्यावरच होते. तराफ्याला साखळीने टांगलेला पंप दसऱ्याच्या आधी साखळी तुटून खाली गेला आणि बेचाळीस मीटरवर एका कपारीत अडकला. गावकऱ्यांनी मला बोलावलं. खाली जायचं, पंपाला दोर बांधायचा, वर यायचं. माझा जोडीदार मालवणचा महेश. तो वरच्या टप्प्यात माझी वाट बघणार, खाली मी एकटी.

सामान मी असं ठरवलं: दोन बाजूंना काखेखाली दोन सिलिंडर, साध्या हवेचे. तिसरा परतीच्या वाटेचा, त्यात निम्मा ऑक्सिजन. तो फक्त परत येताना, वीस मीटरच्या वर आल्यावर वापरायचा, म्हणजे अंगातला वायू लवकर निघतो. हाच ऑक्सिजन बेचाळीस मीटरवर ओढला तर मात्र विष. आकडी येते, तोंडातली नळी सुटते आणि माणूस बुडतो. म्हणून कुठल्या सिलिंडरात काय हे मीटरने मोजून, टेपवर लिहून, ती टेप सिलिंडरवर चिकटवायची. माझे तिन्ही एकसारखे, पिवळे, एकाच मापाचे. ऑक्सिजनवाल्याला हिरवा पट्टा रंगवायचं दोन महिने "उद्या करू" चाललं होतं. आणि नियम असा की उतरण्याआधी जागेवर पुन्हा मोजायचं. मी दोन दिवसांपूर्वी घरी मोजलं होतं. टेपवर माझंच अक्षर होतं. म्हटलं, आता काय पुन्हा.

सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही पिटाच्या काठावर होतो. ताडपत्रीवर तिन्ही सिलिंडर उभे करून, नळ्या जोडून, व्हॉल्व्ह उघडून दाब बघितला आणि पुन्हा बंद केले. महेश दोर सोडायला पाण्यात गेला. गावकऱ्यांना मी वरच्या कड्यावरच थांबवलं होतं, खालची माती ढासळते म्हणून. मी पिकअपच्या मागे जाऊन सूट चढवला. दहा मिनिटं लागली असतील, तो सूट म्हणजे एक ताप असतो.

परत आले तर डाव्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला चिंधी बांधलेली.

पांढऱ्या पंच्याची पट्टी. लाल काठ. दोन वेढे, टोक उलटं आत, बाहेर इवलंसं शेपूट.

पहिल्यांदा काय वाटलं सांगू? राग. महेशला मी अण्णांच्या चिंधीची गोष्ट कधीतरी सांगितली होती. मी काठावर जाऊन ओरडले, "महेश! ही कसली थट्टा? माझा बाप अंथरुणाला खिळलाय आणि तुला गंमत सुचते?"

तो दोर धरून पाण्यात तरंगत होता. "काय झाला गो?"

"ही चिंधी कोणी बांधली?"

"देवाशपथ, मी पाण्यात होतंय मगो! आणि तुज्या बापाशीची गाठ माका कशी येतली? तुकाच येना नाय धड!"

हे खरं होतं. वर कड्यावर माणसं बसली होती, त्यांना विचारलं, कोणी खाली उतरलं का? कोणी नाही. त्यांच्या नजरेसमोर सगळी ताडपत्री होती, कोणी आलेलं दिसलं नाही, म्हणाले. एक म्हातारे तेवढ्यात हात जोडून मोकळे झाले, "राखणदार गो बाय, खाणीचा राखणदार!"

मी चिंधीकडे हात नेला. आणि खरंच सांगते, माझा गाल हुळहुळला. सात वर्षांची असताना खाल्ली होती ना, त्याच बाजूचा. हात आपोआप मागे आला. ज्याने बांधली त्यानेच सोडायची. कोणी का बांधली असेना!

पण व्हॉल्व्ह बंद असला तरी नळीत मघाचा थोडा वायू असतो. मी मीटर काढला, नळीच्या तोंडाशी धरला आणि नळीतला वायू सोडायचं बटण दाबलं. हवेत आकडा एकवीसच्या आसपास राहायला हवा. पंचवीस झाला. तीस झाला. छत्तीस... अडतीस. तेवढ्यात नळी रिकामी झाली.

मग "ऑक्सिजन" लिहिलेला सिलिंडर मोजला. एकवीस. साधी हवा. टेपांची अदलाबदल झाली होती. बेचाळीस मीटरवर, अंधाऱ्या पाण्यात, एकटीने मी डाव्या सिलिंडरातून श्वास घेणार होते.

महेश बाहेर आला आणि त्याने मीटर बघितला. माझ्या डोक्यावर नुसता हात ठेवला. ओल्या हाताचं पाणी माझ्या तोंडावर ओघळत होतं, आणि मला बरं वाटलं, कारण मी रडत होते ते त्यात खपून गेलं.

टेपा कशा बदलल्या ते तिथेच लक्षात आलं. तिन्ही सिलिंडरच्या गळ्याशी हळदकुंकवाचं बोट होतं. आदल्या दिवशी खंडेनवमी! माझ्या सासूबाईंनी कोयता, खोरं, नवऱ्याची स्कूटर आणि सुनेचे सिलिंडर सगळं घासूनपुसून पूजेला मांडलं होतं. झेंडूच्या माळाही घातल्या होत्या. घासताना कागद ओला होऊ नये म्हणून त्यांनी टेपा अलगद काढून ठेवल्या आणि पुसून झाल्यावर जशाच्या तशा चिकटवल्या. अगदी सरळ रेषेत, एकही सुरकुती नाही. सिलिंडर तेवढे चुकले.

काम पुढे ढकललं. तो सिलिंडर, चिंधीसकट, पिकअपमध्ये घातला आणि शिरगावला गेले. दहा मिनिटांचा रस्ता.

दारात शुभा वहिनी, माझ्या भावाची बायको. ती अण्णांचं सगळं करते. मला बघून म्हणाली, "बरी आलीस गो. सकाळपासून काय जेवूक नाय हे. नऊ वाजल्यापासून नुसती तळमळ. डाव्या हाताने पंचा ओढत होते, दातात धरत होते. मी दोनदा काढून घेतला."

"कुठला पंचा?"

तिने दोरीवरचा आणून दाखवला. एका बाजूचा काठ नव्हता. लांब पट्टी फाडून काढलेली.

"काल धुतलेला तेव्हा अख्खा होता, लईराईची शपथ," ती शिरगावच्या देवीचं नाव घेत म्हणाली. "उंदराने नेला म्हटलं. खाटीखाली बघितलं, सगळीकडे बघितलं, तो तुकडा काय गावूक नाय."

मी सिलिंडर आत आणला आणि अण्णांच्या खाटेला लावून उभा केला. वहिनी चिंधीकडे बघतच राहिली. मी पंचा त्या पट्टीला लावून बघितला. फाटलेले धागे धाग्याला धागा जुळत होते.

अण्णा छताकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

आता नियम असा, की बिघाड सांगितल्याशिवाय बांधणारा सोडत नाही. म्हणून मी खाटेजवळ फरशीवर बसले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना माझ्या कामाचं सांगितलं. कुठल्या सिलिंडरात काय असतं, का असतं, टेप कशी लावायची, मी मोजायचा आळस कसा केला, हिरवा पट्टा कसा राहिला. सासूबाईंनी सिलिंडरांना आंघोळ घातली म्हटल्यावर त्यांच्या तोंडाची डावी बाजू हलली. हसले ते! अर्ध्या तोंडाने, पण हसले. मग मी त्यांच्यासमोर चुकीची टेप काढली, बरोबर आकड्याची नवी लिहून लावली आणि दाखवली.

"अण्णा, झालं दुरुस्त. आता बघा."

त्यांनी बघितलं. वरून खाली, हुकाच्या दोरीपर्यंत. माझी गाठ होती तिथे बोट फिरवलं, एकदा ओढून पाहिलं. मग डावा हात वर नेला, शेपूट धरलं आणि ओढलं. चिंधी सुटली. ती त्यांनी चुरगाळून सदऱ्याच्या खिशात घातली, पंपघरात घालायचे तशी.

आणि बोटाच्या पेराने सिलिंडरवर ठोकलं. दोनदा.

वहिनीने तोंडाला पदर लावला. मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून भोकाड पसरलं, चाळिशीची बाई, सूटचे रबराचे वळ मानेवर तसेच. त्यांचा डावा हात माझ्या केसांवर होता. त्या दुपारी ते पोटभर जेवले.

तीन दिवसांनी मी पिटात उतरले. खाली काही विशेष झालं नाही, आवाज नाही, सावली नाही. गढूळ पाणी, गार पाणी. कपारीत पंप होता, दोर बांधला, थांबत थांबत वर आले. यंदा खालच्या शेतांत वायंगण लावून झालं.

सासूबाईंना मी काही सांगितलं नाही. त्या दिवशी पेडण्याला परत आले तर विचारत होत्या, "दिसले का गो लोकांना तुझे सिलिंडर? कसे लखलखत होते!" म्हटलं, "हो आई, सगळे बघत राहिले." दुसऱ्या दिवशी मी हिरवा पट्टा रंगवायला बसले तेव्हा रंगाचा डबा त्यांनीच धरला. हे त्या वाचणार नाहीत, त्यांना मोबाइलवरचं दिसत नाही. तुम्हीही कुणी सांगू नका.

आता तुम्ही विचाराल, हे कसं झालं? उजवा हात लुळा पडलेल्या माणसाने दोन हातांची गाठ कशी बांधली, आणि खाटेवरून उठून पिटावर कसा आला? महेश म्हणतो, देवाने केलं. गावातले म्हणतात, राखणदाराने केलं. मी म्हणते, राखणदाराला अण्णांच्या पंच्याचा काठ कुठून मिळेल? मीटरने मोजता येईल असं काही असतं तर मी मोजलं असतं.

एवढं मात्र बदललंय. खोल जायचं असलं की मी आदल्या दिवशी सगळं सामान शिरगावला नेते आणि अण्णांच्या खाटेसमोर मांडते. ते बोलत नाहीत अजून. एकेक नळी, एकेक गाठ बघतात, वेळ घेतात. गेल्या महिन्यात त्यांनी एका हुकाची दोरी धरली आणि सिलिंडरवर एकदाच ठोकलं. बघते तर दोरी आतून झिजलेली. ती बदलली, त्यांना दाखवली, आणि मग हात पुढे आला.

दोन ठोके पडल्यावरच मी सामान गाडीत भरलं.